पाने तीच, पैज निराळी

संभाव्यता शिकवताना पत्त्यांचा जोड हमखास मदतीला येतो. पिसलेल्या ५२ पानांतून एक्का निघण्याची शक्यता तेरात एक, हे विद्यार्थ्यांना चटकन पटते. पोकर या खेळाचे गणितही असेच पानांच्या शक्यतांचे असणार, असा आपला सर्वसाधारण समज असतो. ५२ पानांतून पाच पाने २५,९८,९६० प्रकारे निवडता येतात. त्यांतले कोणते प्रकार विरळ आणि कोणते वारंवार येणारे, हे मोजले की झाले! पण हे मोजणे अकरावी-बारावीचा विद्यार्थीही करील. गणितज्ञांना गेली शंभर वर्षे गुंतवून ठेवले ते दुसऱ्याच गोष्टीने. समोरच्याची पाने आपल्याला दिसत नाहीत आणि त्याच्या पानांबद्दल अंदाज बांधायला हाती असते ती फक्त त्याने लावलेली पैज. मग ही पैज किती लावता येईल, याचा नियम बदलला की काय होते?

पोकरला आकार आला तो एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, अमेरिकेत न्यू ऑर्लिन्स आणि मिसिसिपी नदीच्या काठाने. नदीतून जाणाऱ्या आगबोटींबरोबर तो पसरला. त्या वेळी तो २० पानांनी खेळत. चौघांना पाच-पाच पाने वाटली की जोड संपला. बदलून घ्यायला पान नाही, उतारी नाही. उरते ती फक्त पैज. एकाने रक्कम मधे टाकायची. दुसऱ्याने तेवढीच टाकून बरोबरी करायची, जास्त टाकून पैज वाढवायची किंवा पाने टाकून बाजूला व्हायचे. ५२ पाने आणि पाने बदलण्याची सोय पुढे शतकाच्या मध्याच्या सुमारास आली.

अशा खेळात एक अडचण उघड आहे. पैजेला काहीच बंधन नसेल, तर ज्याची थैली मोठी तो समोरच्याच्या ऐपतीबाहेरची रक्कम लावून त्याला दर वेळी उठवून लावील. उलट बाजूने, हरणारा माणूस घरची चीजवस्तू लावत सुटेल. द्यूतसभेतला युधिष्ठिर आपल्याला ठाऊक आहेच. यावर तोडगा निघाला तो असा : डाव सुरू होताना जे टेबलावर आहे तेवढेच पणाला लागू शकते. मधेच खिशात हात घालायचा नाही, आणि कोणी मोठी रक्कम लावली तर आपल्यापुढचे सगळे टाकून तेवढ्यापुरते डावात राहता येते.

या चौकटीत पैजेच्या तीन मुख्य पद्धती रूढ झाल्या. पहिली ठरीव मर्यादेची. पैज किती रुपयांची आणि एका फेरीत ती किती वेळा वाढवता येईल, हे आधीच बांधलेले असते. दुसरीत मर्यादा मधल्या राशीएवढी असते. समजा, राशीत १०० आहेत आणि समोरच्याने १०० लावले. आपण आधी १०० टाकून बरोबरी करायची. रास ३०० झाली, म्हणून आणखी ३०० पर्यंत वाढवता येते. तिसरी पद्धत अमर्याद पैजेची. केव्हाही आपल्यापुढचे सगळे लावता येते. आपल्याकडच्या तीन पत्तीत निराळा नियम आहे. पाने पाहिलेल्या खेळाडूला न पाहता खेळणाऱ्याच्या दुप्पट चाल द्यावी लागते, म्हणजे माहिती मिळवण्याचे मोल मोजावे लागते. पैजेचा नियम आणि माहितीचे मोल यांचा हा संबंध लक्षात ठेवू या.

फ्रेंच गणितज्ञ एमिल बोरेल यांनी १९२१ पासून अशा खेळांचा विचार मांडला. १९२८ मध्ये जॉन फॉन नॉयमन यांनी दोघांच्या खेळाचे मूलभूत प्रमेय सिद्ध केले आणि १९४४ मध्ये ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांच्याबरोबर लिहिलेल्या ग्रंथात पोकरला स्वतंत्र जागा दिली. खरा खेळ हाताने सोडवणे अशक्य, म्हणून त्यांनी त्याचा सांगाडा घेतला. प्रत्येकाच्या हाती ० ते १ मधली एक संख्या, आणि पैजेचे दोनच आकार : मोठी आणि लहान. उत्तर असे आले की उत्तम हातावर मोठी पैज लावावी, आणि अधूनमधून कमकुवत हातावरही. म्हणजे हूल देणे ही केवळ धिटाई नव्हे. तिचे प्रमाण मोजून काढता येते. १९५० मध्ये हॅरोल्ड कून यांनी अवघ्या तीन पानांचे पोकर सोडवून दाखवले.

वर्गात करता येईल असे त्याहूनही सोपे उदाहरण घेऊ. पैशांऐवजी चिंचोके वापरावेत आणि खेळ संपला की डब्यात परत टाकावेत. १, २, ३ अशा चिठ्ठ्या करा. दुसऱ्या खेळाडूकडे नेहमी २ ची चिठ्ठी. पहिल्याला १ किंवा ३ मिळते, आणि ती त्यालाच दिसते. दोघांनी एकेक चिंचोका मधे टाकला, रास २ ची झाली. आता पहिल्याने पैज लावायची किंवा लगेच चिठ्ठी दाखवायची. पैज लावली, तर दुसऱ्याने बरोबरी करायची किंवा रास सोडून द्यायची. ज्याची संख्या मोठी, रास त्याची.

प्रथम ठरीव मर्यादा : पैज एकाच चिंचोक्याची. ३ आले की पहिला पैज लावणारच. पण १ आल्यावर त्याने कधीच हूल दिली नाही, तर दुसरा शहाणा होऊन दर वेळी बाजूला होईल. नेहमीच हूल दिली, तर दुसरा दर वेळी बरोबरी करील. बरोबरी करणारा १ चिंचोका घालून ३ जिंकू पाहतो. म्हणून दर तीन खऱ्या पैजांमागे एक हूल असेल, तर बरोबरी करणे आणि सोडून देणे सारखेच ठरते. १ ची चिठ्ठी आली असता तीनांत एकदा हूल द्यावी, ती अशी.

आता चिठ्ठ्या त्याच ठेवून नियम बदलू. पैज राशीएवढी, म्हणजे २ ची. बरोबरी करणारा २ घालून ४ जिंकू पाहतो. दोन खऱ्या पैजांमागे एक हूल, म्हणजे दोनांत एकदा. शेवटी अमर्याद पैज घेऊ. दोघांपुढे २०-२० चिंचोके आहेत आणि पहिला सगळे लावतो. दुसरा २० घालून २२ जिंकू पाहतो. मग हुलीचे प्रमाण अकरांत दहा! दुसऱ्याने बरोबरी करण्याचे योग्य प्रमाणही बदलते : पहिल्या नियमात तीनांत दोनदा, दुसऱ्यात दोनांत एकदा आणि तिसऱ्यात अकरांत एकदाच. पहिल्याचा दर डावाचा सरासरी फायदा अनुक्रमे १/३, १/२ आणि १०/११ चिंचोका होतो. चिठ्ठ्यांच्या शक्यता तिन्ही वेळा तंतोतंत त्याच आहेत. बदलले ते गुपित माहीत असण्याचे मोल, आणि ते ठरवले पैजेच्या नियमाने.

हाच फरक संगणकाच्या इतिहासात ठळक दिसतो. टेक्सास होल्डेम या प्रकारात प्रत्येकाला दोन झाकलेली पाने आणि सर्वांना मिळून पाच उघडी पाने असतात. दोघांनी ठरीव मर्यादेने हा खेळ खेळला, तर निर्णयाच्या जागा तीनावर चौदा शून्ये इतक्या होतात. जानेवारी २०१५ मध्ये कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाच्या मायकेल बोलिंग आणि सहकाऱ्यांनी हा खेळ जवळजवळ पूर्ण सोडवल्याचे जाहीर केले. त्यासाठी ४,८०० प्रोसेसर ६८ दिवस चालले. कोणी जन्मभर खेळला तरी त्याला या उत्तरातली उणीव नशिबापासून वेगळी ओळखता येणार नाही. मात्र तीच पाने, तेच दोघे आणि पैज अमर्याद असेल, तर निर्णयाच्या जागा एकावर १६१ शून्ये इतक्या होतात. दृश्य विश्वातल्या अणूंची संख्या एकावर ८० शून्यांच्या घरात धरतात. हा खेळ पुरता सोडवलेला नाही. जानेवारी २०१७ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या लिब्राटस या प्रोग्रॅमने २० दिवसांत १,२०,००० डाव खेळून चार व्यावसायिक खेळाडूंना हरवले, पण संपूर्ण उत्तर हाती नसतानाच. पैजेचे मोजकेच आकार विचारात घेऊन त्याने सुरुवात केली. प्रतिस्पर्ध्यांनी दिवसा लावलेल्या अनपेक्षित पैजांची उत्तरे तो रात्री शोधून ठेवी.

चिंचोक्यांचा खेळ वर्गात घेताना एक गंमत पाहायला मिळेल. ‘तीनांत एकदा’ हूल देताना मुले नकळत ठरावीक क्रम धरतात आणि समोरचा तो ओळखतो. अशा वेळी फासा द्यावा : १ किंवा २ पडले तर हूल, एरवी नाही. आपले गुपित राखायला स्वतःच्या मनापेक्षा फासा अधिक भरवशाचा, हे फॉन नॉयमन यांच्या प्रमेयाचे मर्म मग फळ्यावर लिहावे लागणार नाही. त्यानंतर पैजेचा नियम बदला आणि फाशाचे कोणते आकडे हुलीसाठी राखायचे, ते मुलांनाच काढू द्या.