14 सप्टेंबर 2023 : ‘बंबई मेरी जान’चा पहिला भाग

शुजाअत सौदागर दिग्दर्शित ही मालिका या दिवशी प्राइम व्हिडिओवर आली. इस्माईल कादरी (के. के. मेनन) या सचोटीच्या पोलिसाच्या घरातली ओढगस्त हेच मुलगा दाराच्या गुन्हेगारीचं मूळ, असं ती सुचवते. हे अर्धंच खरं; हलाखीतून गुन्हेगारच घडतात असं नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंपाने मराठवाड्यातल्या सास्तूर गावची दगडमातीची घरं जमीनदोस्त केली. सर्वस्व गमावलेल्या त्या माणसांनी टोळ्या उभारल्या नाहीत, गाव पुन्हा वसवलं. सास्तूरला मदत मिळाली, मुंबईच्या भुकेल्यांना कुणी विचारलं नाही, असा आक्षेप येईल. तो रास्तच आहे. तरीही मुंबईत टोळ्या पोसल्या त्या दारूबंदीतल्या हातभट्ट्यांनी आणि सोन्याच्या तस्करीने. मालिकेने त्या पैशाचा माग आणखी खोलवर घ्यायला हवा होता.