भंगारातला ट्रॅक्टर ते सरळ तास: जुने ट्रॅक्टर दुरुस्त करून नांगरणीच्या स्पर्धा कशा खेळतात?

ब्रिटन किंवा आयर्लंडमध्ये सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास, गहू-जवाची काढणी होऊन रानात नुसती धसकटं उरली की, एखाद्या शेतात सकाळी एक वेगळंच दृश्य दिसतं. साठ-सत्तर वर्षांपूर्वीचे राखाडी, निळे, लाल, हिरवे ट्रॅक्टर एका ओळीत उभे असतात. चालक खाली उतरून जमिनीवर काठ्या रोवत असतात, एक डोळा मिटून रेष बघत असतात. शिट्टी होते आणि ट्रॅक्टर चालू लागतात, तेही माणसाच्या चालण्याच्या वेगाने.

ही शर्यत आहे, पण वेगाची नाही. इथे जिंकतो तो सगळ्यात सरळ, सारख्या खोलीचं आणि स्वच्छ नांगरणारा. आणि तिथवर पोहोचण्याआधी अनेकांनी गंजलेला, बंद पडलेला ट्रॅक्टर स्वतःच्या हाताने पुन्हा चालू केलेला असतो.

हा छंद नेमका काय आहे? जुना ट्रॅक्टर कसा दुरुस्त करतात? आणि नवख्या माणसाने स्पर्धेत उतरायचं तर सुरुवात कुठून करायची?

स्पर्धा आली कुठून?

कोणाची नांगरट चांगली, यावरचा वाद शेतीइतकाच जुना आहे. आयर्लंडमध्ये अशाच एका वादातून राष्ट्रीय स्पर्धा उभी राहिली. किल्डेअर आणि वेक्सफर्ड या दोन परगण्यांत कुठले नांगरे सरस, यावरून पैज लागली आणि १९३१ मध्ये अथाय गावाजवळ पहिला सामना झाला. त्याचीच आज 'नॅशनल प्लाउइंग चॅम्पियनशिप' झाली आहे. तीन दिवसांच्या या जत्रेला दोन लाखांहून अधिक लोक येतात. ट्रॅक्टरबरोबर घोड्यांच्या नांगरटीचीही स्पर्धा तिथे होते.

दुसऱ्या महायुद्धानंतर हा खेळ देशांच्या सीमा ओलांडून गेला. १९५२ मध्ये जागतिक नांगरणी संघटना स्थापन झाली आणि १९५३ मध्ये कॅनडातल्या कोबर्ग इथे पहिली जागतिक स्पर्धा झाली. युद्धाच्या जखमा तेव्हा ताज्या होत्या. म्हणून संघटनेने लॅटिन भाषेतलं ब्रीदवाक्य घेतलं, ज्याचा अर्थ होतो 'शांतता शेत कसो'. यजमान देशात शांततेचं स्मारक म्हणून दगडांची रास उभारण्याची प्रथाही तेव्हापासून आहे.

या स्पर्धांमध्ये जुन्या ट्रॅक्टरांचे वेगळे गट असतात. साधारण १९६० च्या आधी बनलेल्या ट्रॅक्टरला 'व्हिंटेज' म्हणतात आणि त्यानंतरच्या दीड दशकातल्या ट्रॅक्टरला 'क्लासिक'. नेमकं वर्ष प्रत्येक स्पर्धेच्या नियमावलीत दिलेलं असतं, त्यामुळे ट्रॅक्टर विकत घेण्याआधीच ती वाचलेली बरी.

छोटा राखाडी 'फर्गी'

नवख्यांच्या हातात सर्वाधिक दिसणारा ट्रॅक्टर म्हणजे फर्ग्युसन टीई-२०. राखाडी रंगामुळे लोक त्याला लाडाने 'लिटल ग्रे फर्गी' म्हणतात. इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री शहरात बॅनर लेनच्या कारखान्यात १९४६ ते १९५६ या काळात असे पाच लाखांहून अधिक ट्रॅक्टर बनले. युद्धाच्या काळात याच कारखान्यात विमानांची इंजिनं बनत होती.

त्यामागचा माणूस होता हॅरी फर्ग्युसन, उत्तर आयर्लंडच्या शेतकरी घरातला मेकॅनिक. १९०९ मध्ये स्वतः बनवलेलं विमान उडवून तो आयर्लंडमधला पहिला वैमानिक ठरला. पण त्याचं नाव राहिलं ते नांगरामुळे.

त्याआधी नांगर ट्रॅक्टरच्या मागे साखळीने किंवा दांड्याने ओढला जाई. फाळ दगडात किंवा मुळीत अडकला की ट्रॅक्टरचं पुढचं तोंड वर उचललं जाई आणि तो मागे उलटून चालकाच्या अंगावर पडे. फर्ग्युसनने नांगर तीन दांड्यांनी थेट ट्रॅक्टरला जोडला आणि हायड्रॉलिकने तो वर-खाली करण्याची सोय केली. माती जड लागली की वरच्या दांड्यावर दाब येतो, तो दाब हायड्रॉलिकपर्यंत पोहोचतो आणि नांगर आपोआप थोडा उचलला जातो. ओढीचा जोर ट्रॅक्टरला जमिनीवर दाबून धरतो. त्यामुळे हलका ट्रॅक्टरही जड काम करू लागला.

आज आपल्या शिवारात दिसणारा जवळपास प्रत्येक ट्रॅक्टर अवजार याच तीन दांड्यांवर उचलतो. १९५३ मध्ये फर्ग्युसनची कंपनी मॅसी-हॅरिसमध्ये विलीन झाली आणि पुढे 'मॅसी फर्ग्युसन' हे नाव आलं. चेन्नईच्या 'टॅफे' कंपनीमुळे ते महाराष्ट्रातल्या गावागावांत पोहोचलं.

या ट्रॅक्टरची आणखी एक ओळख म्हणजे, एव्हरेस्टवीर एडमंड हिलरी जानेवारी १९५८ मध्ये दक्षिण ध्रुवावर पोहोचला तो साखळीपट्टे चढवलेल्या फर्ग्युसन ट्रॅक्टरांवरून.

विकत घेताना काय बघायचं?

चकचकीत रंग बघून भुलू नये, हा पहिला धडा. ताज्या रंगाखाली भेगा लपतात. जुना रंग उडालेला, पण सगळे भाग जागेवर असलेला ट्रॅक्टर केव्हाही परवडतो.

इंजिन फिरतं का, हे आधी बघावं. मग ऑइल तपासावं. ते दुधाळ दिसलं तर त्यात पाणी मिसळलं आहे, म्हणजे गॅस्केट किंवा लायनरचं सील गेलेलं असू शकतं. थंड देशांत रेडिएटरमधलं पाणी गोठून इंजिनचा ब्लॉक फुटतो, त्यामुळे ब्लॉकच्या बाजूने वेल्डिंगच्या खुणा शोधाव्यात. टायर, स्टिअरिंगमधली ढिलाई आणि हायड्रॉलिक लिफ्ट नीट पाहावी. फर्गीचा हायड्रॉलिक पंप पीटीओ शाफ्टवर चालतो. त्यामुळे 'लिफ्ट उचलत नाही' असं दिसलं, तर आधी पीटीओचा दांडा लावलेला आहे का ते पाहायचं!

फर्गीचं मॉडेल कुठल्या इंधनाचं आहे, हेही कळायला हवं. टीईए-२० पेट्रोलवर चालतो, टीईएफ-२० डिझेलवर. टीईडी-२० हे मॉडेल 'टीव्हीओ' नावाच्या, रॉकेलसारख्या स्वस्त इंधनासाठी होतं. इंजिन पेट्रोलवर सुरू करायचं आणि तापलं की टीव्हीओवर न्यायचं, अशी त्याची पद्धत. आपल्याकडे रॉकेलवर चालणारी पाण्याची इंजिनं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे लगेच कळेल.

दुरुस्ती: घाई केली की खर्च वाढला

वर्षानुवर्षं बंद असलेलं इंजिन जाम झालेलं असतं. अशा वेळी ट्रॅक्टर दुसऱ्या गाडीने ओढून इंजिन फिरवण्याचा मोह होतो. पण त्यात पिस्टन रिंग तुटू शकते, कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. जाणकार वेगळ्या क्रमाने जातात.

१. आधी फोटो काढायचे. प्रत्येक पाइप, वायर आणि बोल्ट कुठे होता, हे सहा महिन्यांनी आठवत नाही.

२. स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलेंडरमध्ये गंज सोडवणारं तेल टाकायचं आणि काही दिवस वाट बघायची. मग हाताने, हळूहळू इंजिन मागे-पुढे हलवायचं.

३. जुनं ऑइल, कूलंट आणि इंधन काढून टाकायचं. टाकीतला गंज साफ केला नाही, तर तो कार्बोरेटरमध्ये जाऊन बसतो.

४. वायरिंग बघायची. जुन्या वायरींवरचं आवरण हात लावताच गळून पडतं. फर्गीला आग लागण्याचं कारण बहुतेकदा इथेच असतं, म्हणून नवी वायरिंग टाकणं शहाणपणाचं.

५. ठिणगी येते का, इंधन पोहोचतं का आणि सिलेंडरमध्ये दाब तयार होतो का, हे तपासायचं. या तीन गोष्टी असतील, तर पेट्रोल इंजिन सुरू व्हायलाच हवं.

६. इंजिन सुरू झालं की लगेच ऑइलच्या दाबाचा काटा बघायचा. काटा हलला नाही तर इंजिन तिथेच बंद.

७. ब्रेक, क्लच आणि स्टिअरिंग नीट झाल्याशिवाय ट्रॅक्टर जागेवरून हलवायचा नाही. रंग सगळ्यात शेवटी.

फर्गी सुरू करण्याची तऱ्हाही मजेशीर आहे. त्याला स्टार्टरचं वेगळं बटण नाही. गिअरचा दांडाच 'एस' या जागी ढकलला की स्टार्टर फिरतो. म्हणजे ट्रॅक्टर गिअरमध्ये असताना तो सुरूच होऊ शकत नाही. चालकाचा जीव वाचवणारी ही युक्ती १९४० च्या दशकातली आहे.

पण सगळंच इतकं सुरक्षित नाही. या ट्रॅक्टरांना उलटल्यावर चालकाला वाचवणारी लोखंडी चौकट मूळची नव्हती. उतारावर, बांधाच्या कडेला आणि वळताना अपघात होतात. फिरत्या पीटीओ शाफ्टवर कव्हर हवंच, सैल कपडे नकोत. जुन्या रंगात शिसं असू शकतं आणि जुन्या ब्रेक-क्लचच्या अस्तरात अ‍ॅस्बेस्टॉस. त्यामुळे कोरडं घासणं किंवा हवेच्या प्रेशरने धूळ उडवणं टाळावं. ब्रिटनमध्ये १३ वर्षांखालच्या मुलांना शेतीकामात ट्रॅक्टर चालवायला किंवा त्यावर बसायला कायद्याने बंदी आहे. 'पोराला जरा फिरवून आणतो' हे तिथे चालत नाही.

स्पर्धेत नेमकं काय करायचं असतं?

प्रत्येकाला चिठ्ठी टाकून जमिनीचा एक पट्टा मिळतो आणि वेळ ठरवून दिलेली असते. नांगराने पडणाऱ्या सरीला आपल्याकडे तास म्हणतात. हे तास कसं पडतं, यावर सगळा खेळ असतो.

साधा नांगर माती फक्त उजवीकडे पलटतो. त्यामुळे पट्ट्याच्या मधोमध आधी दोन उथळ तासं काढतात, त्यांची माती एकमेकींपासून दूर पडते. मग ती माती परत आत पलटून मधे एक कणा तयार करतात. त्याला 'क्राउन' म्हणतात. रांगोळीत पहिली रेघ चुकली की सगळं चित्र बिघडतं, तसंच इथेही आहे. कणा वाकडा झाला की पुढचं प्रत्येक तास वाकडंच जातं.

नंतर कण्याच्या दोन्ही बाजूंनी फेऱ्या मारत नांगरायचं. मातीचा प्रत्येक काप आधीच्या कापाला टेकून बसला पाहिजे. शेवटी उरलेली अरुंद पट्टी नांगरून बंद करायची, त्याला 'फिनिश' म्हणतात. हे शेवटचं तास सरळ, अरुंद आणि उथळ असावं लागतं. अनुभवी लोकही इथेच गुण घालवतात.

परीक्षक तासाचा सरळपणा, सारखेपणा, मातीचा घट्ट बसलेला काप, बियाण्यासाठी तयार झालेली माती आणि फाळ जमिनीत घालताना व काढतानाची रेष असं सगळं बघतात. वर एकही धसकट किंवा गवताचा झुपका दिसता कामा नये. हाताने किंवा पायाने माती सारखी केली तर गुण जातात.

नांगराची जुळणी

पहिलं तास काढताना ट्रॅक्टरची दोन्ही चाकं सपाट जमिनीवर असतात. दुसऱ्या तासापासून उजवं चाक तासात उतरतं आणि ट्रॅक्टर एका बाजूला कलतो. पण नांगर मात्र जमिनीशी समांतर राहायला हवा. त्यासाठी फर्गीच्या उजव्या बाजूला पातळी जुळवण्याचा दांडा आहे. वरच्या दांड्याची लांबी बदलली की फाळाचं टोक किती खाली झुकेल ते ठरतं. मातीत उभा काप घेणारी गोल तबकडी फाळाच्या किंचित बाहेर, न नांगरलेल्या बाजूला ठेवतात, म्हणजे तासाची भिंत स्वच्छ कापली जाते. तिच्याजवळचा छोटा फाळ वरचं गवत सोलून तासाच्या तळाशी टाकतो.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची, थोडं नांगरायचं, उतरून बघायचं. तीन ठिकाणचे नट एकदम फिरवले तर सुधारणा कशामुळे झाली, ते कळतच नाही.

सुरुवात कुठून करायची?

पहिल्या वर्षी ट्रॅक्टर न घेताही सुरुवात होते. जवळच्या स्पर्धेला जाऊन दिवसभर एकाच स्पर्धकाचा पट्टा बघत राहावं. स्थानिक नांगरणी मंडळं सरावाचे दिवस ठेवतात, नवोदितांसाठी वेगळा गट असतो. तिथली जुनी माणसं नट कुठला फिरवायचा हे मोकळेपणाने सांगतात, अगदी समोरच्या स्पर्धकालासुद्धा.

यात एक निकड आहे. हे ट्रॅक्टर रोजच्या कामासाठी वापरलेली पिढी आता थकली आहे. सुटे भाग अजून मिळतात, पण फाळ जमिनीत कसा बोलतो हे ओळखणारा कान दुकानात मिळत नाही.

महाराष्ट्रालाही ही गोष्ट परकी नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर बनवला, तेव्हा लोखंडाने जमीन नासेल अशी भीती शेतकऱ्यांना वाटत होती. पुढे तोच नांगर घरोघरी गेला आणि आता गोठ्याच्या मागे किंवा भंगारात पडलेला दिसतो. तो कसा जुंपायचा, तास सरळ कसं धरायचं, हे सांगू शकणारे आजोबा अजूनही काही घरांत आहेत. विचारायचं असेल, तर आताच विचारायला हवं.