गाडी स्वतःची, परवाना दुसऱ्याचा : अमेरिकेतील ट्रकमालक-चालकाच्या करारनाम्याचा इतिहास

#थ्रेड

अमेरिकेच्या महामार्गावर धावणाऱ्या अवाढव्य ट्रकच्या दारावर एखाद्या कंपनीचे नाव आणि त्याखाली सरकारी नोंदणीचा क्रमांक रंगवलेला असतो. पाहणाऱ्याची समजूत होते की गाडी कंपनीची आणि चालक पगारी. पुष्कळदा या दोन्ही समजुती चुकीच्या ठरतात. गाडी चालकाने कर्ज काढून घेतलेली असते. डिझेल, टायर, दुरुस्ती सारे त्याच्या खिशातून होते. कंपनीचा असतो तो परवाना.

आपल्याकडे ‘कंपनीला गाडी लावली आहे’ असे म्हणतात, त्याच्याच जवळचा हा प्रकार. तिकडे अशा माणसाला ‘लीज्ड ओनर-ऑपरेटर’ म्हणतात : स्वतःची गाडी परवानाधारक कंपनीला करारावर देऊन ती स्वतःच चालवणारा. या धंद्यात नवा उतरणारा माणूस आजही बहुधा याच वाटेने येतो. ही वाट कशी पडली, हे पाहायचे तर १९३५ पर्यंत मागे जावे लागते.

महामंदीचा तो काळ. कामधंदा गेलेली माणसे हप्त्यावर जुना ट्रक घेत आणि मिळेल त्या भाड्याला माल उचलत. गाडीची झीज, स्वतःची मजुरी यांचा हिशोब न धरता भाडे सांगणारे इतके झाले की दर कोसळले. रेल्वे कंपन्या तक्रार करू लागल्या, कारण त्यांचे दर सरकारी नियंत्रणाखाली होते आणि ट्रकवाल्यांचे नव्हते. थोड्याफार स्थिरावलेल्या ट्रक कंपन्यांनाही ही गर्दी नकोशी झाली होती.

९ ऑगस्ट १९३५ रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी ‘मोटर कॅरियर अॅक्ट’वर सही केली. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणारी मालवाहतूक ‘इंटरस्टेट कॉमर्स कमिशन’च्या अखत्यारीत आली. हा आयोग १८८७ साली मुळात रेल्वेसाठी स्थापन झालेला होता.

१ जून १९३५ रोजी जे धंद्यात होते त्यांना पूर्वापार हक्क म्हणून परवाना मिळाला. त्यानंतर येणाऱ्याने ‘सार्वजनिक सोय आणि गरज’ सिद्ध करायची, आणि त्या मार्गावर आधीपासून असलेल्या कंपन्यांना त्याच्या अर्जाला हरकत घेण्याची मुभा. दुकान उघडण्यापूर्वी शेजारच्या दुकानदाराची संमती आणावी, त्यातलाच हा न्याय.

परवान्यात कोणता माल, कुठून कुठे आणि कोणत्या मार्गाने न्यायचा, हे नमूद असे. कित्येकदा सरळ रस्ता सोडून ठरावीक गावावरूनच माल नेण्याचे बंधन असे. नवे परवाने दुर्मीळ झाल्यामुळे जुन्यांना मोल आले. ते विकले जाऊ लागले, कंपनीच्या ताळेबंदात मालमत्ता म्हणून दिसू लागले. ट्रकपेक्षा ट्रक चालवण्याचा हक्क महाग झाला.

मग ज्याच्याकडे ट्रक आहे पण परवाना नाही, त्याने करायचे काय? त्याच्यापुढे दोन वाटा उरल्या.

पहिली वाट शेतीची. शेतमालाच्या लॉबीमुळे प्रक्रिया न केलेला शेतमाल या कायद्यातून वगळला होता. कॅलिफोर्नियाचे लेट्यूस, फ्लोरिडाची संत्री, जिवंत गुरे, धान्य हे कोणीही, कुठेही, ठरेल त्या भाड्यात न्यावे. साहजिकच ‘शेतमाल’ कशाला म्हणायचे यावर वर्षानुवर्षे खटले चालले. सोललेली, साफ केलेली, गोठवलेली कोंबडी हा शेतमाल की कारखान्याचा माल? १९५६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला : शेतमालच. दोनच वर्षांनी काँग्रेसने नवा कायदा करून गोठवलेली फळे आणि भाज्या मात्र सवलतीतून काढल्या. परवाना नसलेल्या ट्रकवाल्याची रोजी अशा शब्दच्छलावर अवलंबून होती.

या वाटेला एक मोठी खोट होती. भाजी घेऊन शिकागोला किंवा न्यूयॉर्कला गेलेल्या गाडीला परतीचे भाडे मिळत नसे, कारण शहरातून निघणारा माल बहुतेक कारखान्यांचा, आणि तो न्यायला परवाना हवा. रिकामी गाडी दोन-अडीच हजार मैल परत आणणे म्हणजे जातानाची कमाई रस्त्यात ओतणे.

म्हणून दुसरी वाट निघाली. परतीच्या एका खेपेपुरती गाडी परवानाधारक कंपनीला भाड्याने द्यायची. दारावर कंपनीची पाटी लावायची, तिचा माल तिच्या कागदपत्रांवर आणायचा, भाड्यातला वाटा घ्यायचा आणि मुक्कामी पोचल्यावर पाटी काढून ठेवायची. याला ‘ट्रिप लीज’ म्हणत. पुढे महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षे एकाच कंपनीला गाडी लावून ठेवणारे झाले. आजचा करारनामा या दोहोंचा वंशज आहे.

आयोगाला हे खपले नाही, आणि त्याची हरकत अगदीच बिनबुडाची नव्हती. अपघात झाला तर जबाबदार कोण? गाडी कंपनीची नाही, चालक कंपनीचा नाही. गाडीचे ब्रेक कोणी तपासले, चालक किती तास झोपेविना आहे, हे कोणालाच ठाऊक नसे. त्यामुळे आयोगाने १९५१ साली नियम काढला की असा करार किमान ३० दिवसांचा असावा आणि त्या काळात गाडीचा पूर्ण ताबा व जबाबदारी कंपनीकडे असावी. जानेवारी १९५३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आयोगाचा हा अधिकार मान्य केला. पण ३० दिवसांची अट म्हणजे परतीच्या खेपेचा अंतच होता. शेतकरी संघटनांनी काँग्रेसकडे धाव घेतली आणि १९५६ च्या दुरुस्तीने शेतमाल नेणाऱ्या गाड्यांना त्या अटीतून मोकळीक मिळाली.

या वादातून एक गोष्ट मात्र कायमची रुजली. करार लेखी हवा, त्याची प्रत गाडीत हवी, आणि कराराच्या मुदतीत गाडीचा ‘संपूर्ण ताबा, नियंत्रण आणि उपयोग’ कंपनीचा. ज्याच्या नावावर कर्ज आहे त्या माणसाच्या गाडीचा कायदेशीर ताबा दुसऱ्याचा! जबाबदारी निश्चित व्हावी म्हणून लिहिलेले हे शब्द पुढे अर्धशतकभर न्यायालयांत वेगळ्याच प्रश्नासाठी उलटसुलट वाचले गेले : मग हा माणूस स्वतंत्र व्यावसायिक, की कंपनीचा नोकर?

तोवर भाड्याच्या टक्केवारीवर चालणाऱ्या मालक-चालकांचा एक वर्गच तयार झाला होता. पोलादाच्या गुंडाळ्या वाहणारे त्यांत संख्येने मोठे. कारखान्याच्या फाटकावर माल भरण्यासाठी तासन्‌तास थांबावे लागे आणि त्या वेळेचे पैसे मिळत नसत. ते टीमस्टर्स या बलाढ्य कामगार संघटनेचे सदस्य होते, वर्गणी भरत होते. पण संघटनेचे लक्ष पगारी चालकांकडे. ऑगस्ट १९६७ मध्ये इंडियानातील गॅरी येथे त्यांनी कंपन्यांविरुद्ध आणि आपल्याच संघटनेविरुद्ध एकाच वेळी संप पुकारला. मागण्यांत अग्रभागी होता तो थांबण्याच्या वेळेचा मोबदला.

या वर्गाला आवाज मिळाला तो एका मासिकातून. स्वतः ट्रक चालवलेल्या माइक पार्कहर्स्ट यांनी १९६१ साली ‘ओव्हरड्राइव्ह’ सुरू केले. आयोग, मोठ्या कंपन्या आणि टीमस्टर्स या तिघांवर एकाच वेळी कोरडे ओढणारे हे मासिक ट्रक थांब्यांवर वाचले जाई.

मग १९७३ चा ऑक्टोबर उजाडला. अरब राष्ट्रांच्या तेलबंदीने डिझेलचे भाव काही महिन्यांत जवळजवळ दुप्पट झाले. ठरलेल्या भाड्याची टक्केवारी घेणाऱ्याला तो भार कोणावरही ढकलता येईना, कारण भाडे आयोगाच्या मंजुरीचे. डिसेंबरच्या सुरुवातीला पेनसिल्व्हेनियात, ८० क्रमांकाच्या आंतरराज्य महामार्गावर जे. डब्ल्यू. एडवर्ड्स या चालकाचे डिझेल संपत आले. त्याने गाडी रस्त्यातच थांबवली. सीबी रेडिओवर ‘रिव्हर रॅट’ या टोपणनावाने ओळखला जाणारा हा माणूस बोलू लागला आणि मागून येणारे ट्रक थांबत गेले. एकाही नेत्याने न पुकारलेला बंद रेडिओच्या तारेविना पसरत गेला.

फेब्रुवारी १९७४ मधला बंद याहून मोठा आणि हिंसकही होता. चालू गाड्यांवर दगडफेक आणि गोळीबार झाला, काही राज्यांत नॅशनल गार्ड बोलवावे लागले. पेनसिल्व्हेनियाचे गव्हर्नर मिल्टन शॅप यांनी मध्यस्थी केली. इंधनाच्या वाढीव खर्चापोटी भाड्यावर ६ टक्के अधिभार मंजूर झाला.

याच धामधुमीत, १९७३ साली, मालक-चालकांची स्वतःची संघटना जन्मली. मिझुरीतील ग्रेन व्हॅली येथे एका ट्रक थांब्याच्या आवारात, दिव्याच्या खांबाला साखळीने बांधलेला ट्रेलर हे तिचे पहिले कार्यालय. पुढे दीर्घकाळ तिचे अध्यक्षपद जिम जॉन्स्टन यांच्याकडे राहिले.

अधिभार मंजूर झाला तरी तो चालकाच्या हाती पडतो की मधेच मुरतो, हे कळायला साधन नव्हते. कंपनीने मालधन्याकडून किती भाडे घेतले हेच चालकाला दाखवले जात नसे. या तक्रारींतून १९७९ साली आयोगाने नवे नियम केले. ‘ट्रुथ-इन-लीजिंग’ या नावाने ते आजही लागू आहेत, आणि नव्याने गाडी लावणाऱ्याने सर्वांत आधी वाचावे असे कागद हेच.

त्यांतले प्रत्येक कलम म्हणजे एकेका जुन्या फसवणुकीची नोंद आहे. मोबदला किती, तो करारातच स्पष्ट लिहा. म्हणजे आधी तो तोंडी असे. खेपेची कागदपत्रे दिल्यापासून १५ दिवसांत पैसे द्या. मोबदला टक्केवारीत असेल तर मूळ भाडेबिलाची प्रत चालकाला दाखवा. कोणत्या रकमा कापणार आणि त्यांचा हिशोब कसा, हे आधी सांगा. गाडी लावण्याची अट म्हणून टायर, विमा, इंधन आपल्याकडूनच घेण्याची सक्ती करू नका.

अनामत रकमेचे कलम तर विशेष बोलके आहे. कंपन्या चालकाच्या कमाईतून दर आठवड्याला काही रक्कम ‘एस्क्रो’ म्हणून बाजूला ठेवत आणि करार संपल्यावर ती या ना त्या कारणाने गिळंकृत होई. नियम म्हणतो : ती कशासाठी वापरणार हे लिहा, मागेल तेव्हा हिशोब द्या, तिच्यावर व्याज द्या आणि करार संपल्यावर ४५ दिवसांत उरलेली रक्कम परत करा.

नियम झाले, तरी ते मोडणाऱ्याला न्यायालयात खेचण्याचा स्पष्ट हक्क चालकाला मिळाला तो १९९५ च्या कायद्याने. त्याच कायद्याने, १०८ वर्षांचा झालेला तो आयोग विसर्जित केला, हा एक योगायोग.

मधल्या काळात १ जुलै १९८० रोजी राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी नव्या ‘मोटर कॅरियर अॅक्ट’वर सही केली होती. परवाना मिळवणे सोपे झाले, दर मोकळे झाले. दहा वर्षांत परवानाधारक कंपन्यांची संख्या दुपटीहून अधिक झाली. कागदोपत्री आता कोणीही स्वतःच्या नावाने धंदा करू शकत होता.

तरीही गाडी लावण्याची प्रथा संपली नाही. स्वतःचा परवाना म्हणजे सर्वसाधारण मालासाठी किमान साडेसात लाख डॉलरचे दायित्व विमासंरक्षण. नव्या माणसाला त्याचा हप्ता जबर पडतो. शिवाय माल शोधणे, मालधन्याची पत पाहणे, उधारी वसूल करणे. ही डोकेदुखी कंपनीने घ्यावी आणि त्यापोटी भाड्यातला हिस्सा ठेवावा, हा सौदा अनेकांना परवडतो. हिशोब चोख असेल तर त्यात वावगे काही नाही.

वावगे शिरले ते दुसऱ्या दारातून. कंपन्यांनी चालकाला ट्रकही देऊ केला. जुन्या प्रथेत माणसाजवळ गाडी असे आणि परवाना नसे. ‘लीज-पर्चेस’ मध्ये दोन्ही कंपनीचे. चालक एका कराराने कंपनीकडून ट्रक भाड्याने घेतो आणि दुसऱ्या कराराने तोच ट्रक तिलाच लावतो. आठवड्याच्या कमाईतून आधी ट्रकचा हप्ता, मग विमा, मग दुरुस्तीची अनामत, मग डिझेलची उचल वजा होते. माल किती द्यायचा हे कंपनीच ठरवते. भाडी कमी आली तर पावतीवर उणे रक्कम छापून येते, म्हणजे आठवडाभर राबून माणूसच देणेकरी. नोकरी सोडली तर गाडी जाते आणि तोवर भरलेले हप्तेही.

२००८ पासून लॉस एंजेलिस आणि लाँग बीच या बंदरांनी प्रदूषणाच्या कारणाने जुन्या ट्रकना टप्प्याटप्प्याने बंदी केली. हेतू चांगलाच होता आणि हवा खरोखर सुधारली. पण कंटेनर ओढणाऱ्या चालकांकडे स्वतःचे जुने, फिटलेल्या कर्जाचे ट्रक होते. नवा ट्रक लाखभर डॉलरचा. बहुतेकांना तो कंपनीच्याच करारावर मिळाला. चालकांना कंपन्यांनी नोकरीवर घ्यावे, ही लॉस एंजेलिस बंदराची अट न्यायालयात टिकली नाही.

जानेवारी २०१९ मध्ये ‘न्यू प्राइम विरुद्ध ऑलिव्हेरा’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे असाच एक चालक उभा होता. करारात तो ‘स्वतंत्र कंत्राटदार’ होता आणि तंटा लवादापुढेच नेण्याची अट होती. १९२५ चा लवाद कायदा आंतरराज्य वाहतूक कामगारांच्या ‘रोजगाराच्या करारां’ना वगळतो. न्यायमूर्ती गॉर्सच यांनी १९२५ सालचे शब्दकोश आणि त्या काळचे निवाडे पाहून सांगितले की तेव्हा या शब्दांत स्वतंत्र कंत्राटदाराचे कामही येत असे. निकाल ८-० असा चालकाच्या बाजूने लागला. अशा चालकांना तक्रार घेऊन केंद्रीय लवाद कायद्याचा अडसर न येता न्यायालयात उभे राहता येऊ लागले.

२०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्यानुसार या करारांच्या चौकशीसाठी एक सरकारी कार्यगट नेमला गेला. जानेवारी २०२५ मधील त्याच्या अहवालात सुधारणा सुचवून न थांबता लीज-पर्चेस करारांवर बंदीच घालावी, अशी शिफारस काँग्रेसकडे करण्यात आली. स्वतःची गाडी कंपनीला लावण्याच्या जुन्या पद्धतीला या शिफारशीची झळ नाही. तिच्यावर १९७९ चीच कलमे लागू आहेत, १५ दिवस आणि ४५ दिवसांच्या त्याच मुदतींसह.