उर्वशी वैद : सवलत आणि स्वातंत्र्य

दक्षिण दिल्लीत आर. के. पुरमसारख्या सरकारी वसाहती ज्या सुमारास आकारास येत होत्या, त्याच सुमारास, ८ ऑक्टोबर १९५८ रोजी, उर्वशी वैद यांचा जन्म नवी दिल्लीत झाला. वडील कृष्ण बलदेव वैद हे हिंदीतील नामवंत कादंबरीकार. आई चंपा वैद कवयित्री. १९६६ साली हे कुटुंब अमेरिकेस गेले.

१९८३ मध्ये कायद्याची पदवी घेतल्यावर उर्वशीबाईंनी कैद्यांच्या हक्कांचे काम पत्करले. स्त्रीमुक्तीच्या विचारांत त्यांची जडणघडण झाली होती आणि स्त्रीवर प्रेम करणारी स्त्री म्हणून त्या उघडपणे जगल्या. १९८९ ते १९९२ या काळात समलिंगी स्त्रीपुरुषांच्या एका राष्ट्रीय संघटनेचे नेतृत्व त्यांच्याकडे होते. मार्च १९९० मध्ये राष्ट्राध्यक्ष बुश एड्सविषयी भाषण करीत असता त्यांनी भर सभेत फलक उंचावला. बोलणे स्वस्त असते, एड्ससाठीचा निधी तसा नसतो, असा त्याचा आशय होता. त्यांना सभेबाहेर नेण्यात आले. प्रश्न मात्र सभेतच राहिला.

‘व्हर्च्युअल इक्वॅलिटी’ हा त्यांचा ग्रंथ १९९५ साली निघाला. कायद्याने दिलेली सवलत म्हणजे मुक्ती नव्हे. वर्णभेद, दारिद्र्य आणि स्त्रियांचे दास्य यांकडे पाठ फिरवून मिळविलेली समता आभासरूपच राहते, असे त्यांचे प्रतिपादन होते. हा इशारा स्वकीयांनाही होता. त्यांच्या संघटनेच्या नावात स्त्री व पुरुष दोघांविषयी ओढ वाटणाऱ्यांना स्थान मिळण्यास २०१४ साल उजाडावे लागले.

महाराष्ट्राला हा विषय सर्वस्वी परका नाही. ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात वाचकांच्या अशाच प्रश्नांना उत्तरे दिल्याबद्दल र. धों. कर्वे यांच्यावर खटला झाला, तेव्हा १९३४ साली डॉ. आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली होती. खटला हरला, पण प्रश्न विचारण्याचा हक्क त्यांनी सोडला नाही.

६ सप्टेंबर २०१८ रोजी दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून काढले. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी त्याच न्यायालयाने विवाहाचा हक्क मान्य करण्याचे नाकारले. उर्वशी वैद १४ मे २०२२ रोजी निवर्तल्या. शिक्षेचे भय गेले, तरी घरात मान मिळतोच असे नाही. या दोहोंमधील अंतर कसे तुटावे, हाच त्यांच्या आयुष्याचा प्रश्न होता.