स्मार्टफोन निवडताना : किंमत खोक्यावरची आणि किंमत वर्षाची

दसरा आणि दिवाळीचा पाडवा जवळ आला, की एकेकाळी सराफांच्या पेढ्यांपुढे दिसणारी गर्दी आता भ्रमणध्वनीच्या दुकानांतही दिसू लागते. पुण्यातील तपकीर गल्ली असो, मुंबईतील लॅमिंग्टन रोड असो वा घरबसल्या होणारी ऑनलाइन खरेदी असो, ग्राहकापुढील पेच सारखाच असतो. जवळपास एकाच किमतीचे दोन संच समोर असतात, दोहोंच्या खोक्यांवर मोठमोठे आकडे छापलेले असतात आणि त्यांतला कोणता घ्यावा, हे काही केल्या ठरत नाही.

बँकेचे व्यवहार, विजेचे बिल, रेल्वेचे तिकीट आणि मुलांच्या शाळेचे निरोप हे सारे आता या एकाच यंत्रावर अवलंबून आहे. त्यामुळे चुकीच्या निवडीचा भुर्दंड केवळ काही हजार रुपयांचा राहत नाही. या निवडीसाठी खोक्यावरची किंमत हा अपुरा निकष होय. तो संच किती वर्षे सुरक्षितपणे वापरता येईल, हे पाहून किमतीला त्या वर्षांनी भागले, तर तुलनेचे चित्र बरेच वेगळे दिसते.

दोन संच, दोन हिशेब

उदाहरणादाखल २०२४ मध्ये भारतीय बाजारात आलेले दोन संच घेता येतील. नथिंग कंपनीचा ‘सीएमएफ फोन १’ जुलैमध्ये १५,९९९ रुपयांपासून उपलब्ध झाला. ऑक्टोबरमध्ये आलेल्या सॅमसंगच्या ‘गॅलेक्सी ए१६ फाइव्ह जी’ची किंमत १८,९९९ रुपयांपासून सुरू होत होती.

गुणवैशिष्ट्यांच्या तक्त्यात सीएमएफ सरस ठरतो. त्यातील डायमेन्सिटी ७३०० हा प्रोसेसर चार नॅनोमीटर तंत्राचा, तर सॅमसंगमधील डायमेन्सिटी ६३०० सहा नॅनोमीटर तंत्राचा आणि संथ आहे. सीएमएफचा पडदा सेकंदाला १२० वेळा ताजा होतो, सॅमसंगचा ९० वेळा. चार्जिंगचा वेगही अनुक्रमे ३३ आणि २५ वॉट आहे. एवढ्यावरच निर्णय घ्यायचा, तर तीन हजार रुपये वाचवून अधिक वेगवान संच घेणे शहाणपणाचे वाटेल.

मात्र सीएमएफसाठी कंपनीने दोन अँड्रॉइड आवृत्त्या आणि तीन वर्षांचे सुरक्षा अपडेट जाहीर केले होते. सॅमसंगने सहा आवृत्त्या आणि सहा वर्षांचे सुरक्षा अपडेट. म्हणजे पहिल्याची साथ २०२७ पर्यंत, तर दुसऱ्याची २०३० पर्यंत. या वर्षांनी भागल्यास सीएमएफचा वार्षिक खर्च ५,३३३ रुपये, तर सॅमसंगचा ३,१६७ रुपये येतो.

या हिशेबालाही दुसरी बाजू आहे. सॅमसंगचा संच तिसऱ्याच वर्षी बदलला, तर त्याचा वार्षिक खर्च ६,३३३ रुपये होतो, म्हणजे सीएमएफपेक्षा हजार रुपये अधिक. त्याचा लाभ चौथ्या वर्षापासून सुरू होतो. चार वर्षांनी तो ४,७५० रुपयांवर येतो. शिवाय अपडेट सहा वर्षे मिळाले, तरी आरंभीच मध्यम असलेला प्रोसेसर पाचव्या-सहाव्या वर्षी रेंगाळणार नाही, याची हमी कोणी देत नाही. दर दोन-तीन वर्षांनी संच बदलणाऱ्याने आणि खेळांची आवड असणाऱ्याने वेग पाहावा. संदेश, बँक व्यवहार आणि व्हिडिओ कॉल एवढेच ज्याचे काम आहे व जो संच टिकवून वापरतो, त्याने साथीची वर्षे पाहावीत.

अपडेट थांबले, की काय होते?

अपडेट थांबल्याने फोन बंद पडत नाही. त्यामुळेच या मुद्द्याकडे दुर्लक्ष होते. मात्र त्यानंतर प्रणालीत सापडणाऱ्या सुरक्षेच्या त्रुटी त्या संचात उघड्याच राहतात. पुढे ॲपही साथ सोडू लागतात. व्हॉट्सॲपने २०२५ मध्ये अँड्रॉइडच्या पाचव्या आवृत्तीपूर्वीच्या संचांवर काम करणे थांबवले, ते याच क्रमाने.

महागड्या संचांत ही मुदत वाढली आहे. गुगलने २०२३ मध्ये पिक्सेल ८ साठी आणि सॅमसंगने जानेवारी २०२४ मध्ये गॅलेक्सी एस२४ साठी सात वर्षांचे अपडेट जाहीर केले.

येथे एक बाब विशेष ध्यानात ठेवावी. ही मुदत सामान्यतः संच बाजारात आल्यापासून मोजली जाते, ग्राहकाने विकत घेतल्यापासून नव्हे. तीन वर्षांच्या मुदतीचा संच दीड वर्षाने सवलतीत घेतला, तर निम्मी साथ आधीच संपलेली असते. सवलतीच्या फलकावर ही वजाबाकी लिहिलेली नसते.

फाइव्ह जी : नावापुरते की कामाचे?

देशात फाइव्ह जी सेवेचा प्रारंभ १ ऑक्टोबर २०२२ रोजी झाला. जिओने त्यासाठी स्वतंत्र, म्हणजे ‘स्टँडअलोन’ जाळे उभारले. एअरटेलने आरंभी फोर जीच्या आधाराने चालणारे ‘नॉन-स्टँडअलोन’ जाळे स्वीकारले. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेला शाओमीचा स्वस्त ‘रेडमी ए४ फाइव्ह जी’ केवळ स्टँडअलोन जाळ्यावर फाइव्ह जी देणारा होता. साहजिकच एअरटेलच्या त्या वेळच्या फाइव्ह जीचा लाभ त्यावर मिळत नव्हता. दोन्ही पद्धती चालतात ना, हा प्रश्न म्हणूनच आवश्यक ठरतो.

लहरींचे पट्टेही पाहावेत. २०२२ च्या लिलावात जिओने घेतलेला ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा भिंती भेदून इमारतीच्या आत अधिक चांगला पोहोचतो. जिओच्या ग्राहकाच्या संचात तो, म्हणजे ‘एन २८’, असलेला बरा. ३३०० मेगाहर्ट्झचा ‘एन ७८’ हा पट्टा तर असावाच.

मेगापिक्सेलचा भूलभुलैया

वरील दोन्ही संचांचा मुख्य कॅमेरा ५० मेगापिक्सेलचाच आहे. यावरूनच हा आकडा निवडीला किती तोकडा आहे, हे कळते. असे कॅमेरे सहसा चार बिंदू एकत्र करून सुमारे साडेबारा मेगापिक्सेलचे छायाचित्र देतात. छायाचित्राचा दर्जा सेन्सरचा आकार, भिंगाचे छिद्र आणि प्रक्रिया यांवर अधिक ठरतो. मंद प्रकाशात हात हलल्याने येणारी अस्पष्टता कमी करणारी ‘ओआयएस’ सोय असेल, तर तिला अधिक गुण द्यावेत. दोन मेगापिक्सेलचा मॅक्रो वा डेप्थ कॅमेरा बहुधा संख्या वाढवण्यापुरताच असतो.

रॅमबाबतही सावध राहावे. ‘१६ जीबी’ असे लिहिताना आठ जीबी खरी रॅम आणि आठ जीबी साठवणुकीतून उसनी घेतलेली, अशी बेरीज केलेली असू शकते. उसनी रॅम खऱ्या रॅमच्या वेगाची नसते.

बॅटरी आणि पाऊस

लिथियम-आयन बॅटरीची क्षमता वापराने घटत जाते. ॲपलच्या माहितीनुसार आयफोन १४ पर्यंतच्या संचांची बॅटरी आदर्श स्थितीत ५०० पूर्ण चार्जनंतर ८० टक्के क्षमता राखते; आयफोन १५ साठी हा आकडा १,००० आहे. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून लागू झालेल्या नियमांनुसार ८०० चार्जनंतर ८० टक्के क्षमता उरणे बंधनकारक आहे. चार-पाच वर्षे संच वापरायचा असल्यास एकदा बॅटरी बदलण्याचा खर्च हिशेबात धरावा आणि जवळचे अधिकृत सेवा केंद्र आधीच पाहून ठेवावे.

पावसाळ्यात लोकलने वा दुचाकीने फिरणाऱ्यांसाठी ‘आयपी’ श्रेणी महत्त्वाची. त्यातील पहिला अंक धुळीचा, दुसरा पाण्याचा. सीएमएफची श्रेणी आयपी ५२, म्हणजे ठिबकणाऱ्या थेंबांपुरती. सॅमसंगची आयपी ५४, म्हणजे उडणाऱ्या शिंतोड्यांपुरती. पाण्यात पडल्यावर टिकण्यासाठी दुसरा अंक सात वा आठ हवा. तेव्हाही चाचणी गोड्या पाण्यात झालेली असते आणि पाण्याने झालेली हानी बहुतेक कंपन्यांच्या वॉरंटीत बसत नाही.

पैसे मोजण्यापूर्वी

- संच बाजारात कधी आला आणि सुरक्षा अपडेट कोणत्या वर्षापर्यंत मिळणार? तेवढ्या उरलेल्या वर्षांनी किंमत भागून पाहावी.
- चार्जर खोक्यात आहे का? वरील दोन्ही संचांसोबत तो नव्हता. नसल्यास त्याची किंमत मिळवावी.
- ‘एक्स्चेंज’ आणि बँकेची सवलत वजा जाता हाती पडणारी खरी किंमत कोणती? छापील किमतीहून अधिक रक्कम मागता येत नाही.
- *#०६# दाबल्यावर दिसणारा आयएमईआय क्रमांक खोक्यावरील व बिलावरील क्रमांकाशी जुळतो का? जुना संच घेताना हा क्रमांक दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावर तपासावा.
- बिल पक्के आहे ना? तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तेथेही बिलच कामी येते.

ही उत्तरे कागदावर मांडली, की खोक्यावरचे मोठे आकडे आपोआप लहान होतात. दुकानदाराने दाखवलेला प्रत्येक संच चांगलाच असतो. तो कोणासाठी आणि किती वर्षांसाठी चांगला, हे मात्र ग्राहकालाच ठरवावे लागते.