तीळ की कर्करोग? : ऊतिचिन्हकांचा इतिहास आणि निदानाच्या मर्यादा

प्रस्तावना :
त्वचेवरील तीळ ही सर्वसाधारणपणे निरुपद्रवी बाब होय. मेलॅनोमा हा त्वचेचा घातक कर्करोग आहे. मात्र दोहोंचा उगम रंगद्रव्य निर्माण करणाऱ्या एकाच प्रकारच्या पेशींपासून होतो. त्यामुळे त्वचेतून काढलेल्या तुकड्याचे सूक्ष्मदर्शकाखाली परीक्षण करूनही काही वेळा त्यांत भेद करणे कठीण जाते. कर्करोगास तीळ मानल्यास रुग्णाच्या प्राणांवर बेतते. तिळास कर्करोग मानल्यास अनावश्यक शस्त्रक्रिया व कायमची भीती वाट्यास येते. हा भेद करण्यासाठी ज्या ऊतिचिन्हकांचा, म्हणजे प्रतिपिंडांच्या साहाय्याने रंगवून दृश्यमान करता येणाऱ्या पेशीतील प्रथिनांचा, आधार घेण्यात आला, त्यांचा इतिहास मांडणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

समस्येचे स्वरूप :
न्यूयॉर्कच्या मेमोरियल रुग्णालयातील विकृतिशास्त्रज्ञ सोफी स्पिट्झ यांनी १९४८ मध्ये लहान मुलांतील मेलॅनोमाविषयी निबंध प्रसिद्ध केला. त्यातील १३ मुलांपैकी एकच मूल या रोगाने दगावले. पेशींचे रूप कर्करोगाचे, पण वर्तन तसे नाही, ही विसंगती त्यांनी नोंदविली. पुढे अशा गाठी बहुतांशी निरुपद्रवी असल्याचे मान्य झाले व त्यांना ‘स्पिट्झ तीळ’ हे नाव मिळाले. केवळ रूपावरून निदान करण्याची मर्यादा यातून स्पष्ट झाली.

तंत्राचा विकास :
१९४१ मध्ये अल्बर्ट कून्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रतिपिंडास चकाकणारे रसायन जोडले. १९६६ मध्ये नाकाने व पिअर्स यांनी त्याऐवजी विकर वापरले. त्यामुळे साध्या सूक्ष्मदर्शकाखालीही परीक्षण शक्य झाले. १९७५ मध्ये कोलर व मिलस्टाइन यांनी एकाच प्रकारची शुद्ध प्रतिपिंडे अमर्याद प्रमाणात मिळविण्याची पद्धत शोधली. चिन्हकांचे युग खऱ्या अर्थाने येथून सुरू झाले.

प्रमुख चिन्हके :
१९६५ मध्ये ब्लेक मूर यांनी गोवंशीय मेंदूतून वेगळे केलेले एस-१०० हे प्रथिन १९८० मध्ये मेलॅनोमाच्या पेशींत आढळले. परंतु ते तिळांतही असते. म्हणजेच ‘ही पेशी कोणत्या कुळातील?’ या प्रश्नास ते उत्तर देते, ‘ती घातक आहे काय?’ या प्रश्नास नव्हे.

१९८६ मध्ये गाऊन व सहकाऱ्यांनी एचएमबी-४५ हे प्रतिपिंड वर्णिले. सामान्य तिळात त्याचा रंग वरच्या थरात दिसतो व खोलवर नाहीसा होतो. मेलॅनोमात तो खोलवरही टिकू शकतो. तथापि निळ्या तिळात तो सर्वत्र आढळतो, हा महत्त्वाचा अपवाद होय. १९८३ मध्ये जर्मनीतील कील येथे शोधलेले केआय-६७ विभाजित होणाऱ्या पेशी दाखविते. तिळात अशा पेशी विरळ असतात.

जनुकीय शोधांनीही निर्णायक उत्तर दिले नाही. २००२ मध्ये मेलॅनोमात आढळलेले बीआरएएफ जनुकातील उत्परिवर्तन २००३ मध्ये बहुसंख्य तिळांतही सापडले.

२०१८ मध्ये लेझकानो व सहकाऱ्यांनी प्रेम (पी-आर-ए-एम-ई) या प्रथिनाचा अभ्यास प्रसिद्ध केला. स्पिट्झ यांचे रुग्णालय ज्या संस्थेचा भाग झाले, त्याच संस्थेत हा अभ्यास झाला. त्यात त्वचेतील मूळ मेलॅनोमांपैकी ८३.२ टक्के गाठींत हे प्रथिन सर्वदूर आढळले, तर त्वचेवरील १४० तिळांपैकी ८६.४ टक्के तिळांत ते अजिबात आढळले नाही. हे यश मोठे असले, तरी तंतुमय स्वरूपाच्या डेस्मोप्लास्टिक मेलॅनोमात ते सुमारे एकतृतीयांश गाठींतच दिसले.

निष्कर्ष :
२०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात १८७ विकृतिशास्त्रज्ञांनी नेहमीच्या पद्धतीने रंगविलेल्या काचपट्ट्या तपासल्या. तीळ व प्रगत मेलॅनोमा यांच्या मधल्या तीन वर्गांत तज्ज्ञ समितीच्या निदानाशी त्यांचे निदान अनुक्रमे केवळ २५, ४० व ४३ टक्के वेळा जुळले. चिन्हकांची गरज यावरून पटते. मात्र प्रत्येक चिन्हक कूळ, पक्वता वा विभाजन यांपैकी एखाद्याच बाबीची साक्ष देते. साक्षीदार वाढल्याने निवाडा अधिक भक्कम होतो. परंतु पेशींची रचना, रुग्णाचे वय व गाठीचे स्थान यांसह सर्व पुरावा तोलून तो देण्याची जबाबदारी विकृतिशास्त्रज्ञाचीच राहते, असे या इतिहासावरून म्हणता येईल.