गोल्फस्टिकचा शॉट

नेरूळच्या भाड्याच्या खोलीत भिंतभर स्टोरीबोर्डच्या चौकटी चिकटवल्यात. शेवटच्या वर्षाची अ‍ॅनिमेटेड डॉक्युमेंटरी, पाच मिनिटांची. विषय बावला खून खटला.

१२ जानेवारी १९२५ची संध्याकाळ, मुंबईतली मलबार हिल. श्रीमंत व्यापारी अब्दुल कादर बावला मोटारीतून फिरायला निघालाय, सोबत मुमताज बेगम. दुसरी गाडी येऊन धडकते. हल्लेखोरांना मुमताजला पळवून न्यायचं होतं. बावलाला गोळ्या घातल्या, मुमताजच्या चेहऱ्यावर सुऱ्याचे वार झाले. गोल्फ खेळून परतणारे ब्रिटिश लष्करी अधिकारी मध्ये पडले म्हणून ती वाचली. एकाने तर गोल्फस्टिकच चालवली.

माझा प्रोजेक्ट पार्टनर म्हणतो, सुरुवात गोल्फस्टिकनेच कर, भारी दिसेल. दिसेलच. त्याच वर्षी या प्रकरणावर ‘कुलीन कांता’ हा मूकपटही निघाला होता, म्हणजे मोह जुनाच.

पण मुमताज इंदूरच्या तुकोजीराव होळकरांकडून निसटून आली होती. आपल्या नवजात मुलीला तिथे मारलं, असं तिने कोर्टात सांगितलं. खटला मात्र बावलाच्या खुनाचा होता. हल्लेखोरांना शिक्षा झाल्या, काहींना फाशीची. महाराज आरोपीच नव्हते; चौकशीला सामोरं जाण्याऐवजी त्यांनी १९२६मध्ये गादी सोडली, बस्स.

आता पहिली चौकट साक्षीदाराच्या पिंजऱ्याची आहे. मुमताज पाठमोरी. वार दाखवणार नाही. पार्टनर रुसलाय. गोल्फस्टिक बाराव्या चौकटीत ठेवलीय, दीड सेकंद.